शेवटच्या आठवड्यातली सीट

मी आयुष्यात एकही सहल वेळेवर बुक केलेली नाही, आणि ही गोष्ट मी कित्येक वर्षं छाती फुगवून सांगत आलो. वर्ध्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी कारकून आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधीच कुणीतरी मोबाईल पुढे करायचं, "भाऊ, जरा गोव्याचं पाहून द्या ना." मी चष्मा कपाळावर चढवून दोन मिनिटं बोट फिरवायचो आणि डॉक्टरच्या थाटात निकाल द्यायचो, आज नको, गुरुवारी संध्याकाळी पाहा. गुरुवारी संध्याकाळी बरेचदा खरंच भाव पडायचा. मग शुक्रवारी माझ्या टेबलावर समोसे यायचे.

हे तंत्र मला मोबाईलनं शिकवलं नाही, सेलूच्या आठवडी बाजारानं शिकवलं. आई त्या तालुक्यात नर्स होती, तिला गावोगाव फिरावं लागायचं, म्हणून बाजारहाट माझ्याकडे. सकाळी मेथीच्या जुडीला हात लावू न देणारी बाई अंधार पडायला लागला की स्वतःच हाक मारायची, "ने रे बाबू, दोन घे, आता घरी नेऊन काय करू." विमानातली सीट काय नि हॉटेलातली खोली काय, शेवटी मेथीच. वेळ टळली की तिची किंमत शून्य. विकणाऱ्याला घाई असते, आपल्याला नसावी, एवढंच.

या एका सूत्रावर मी बायको आणि मुलीला घेऊन निम्मा देश पाहिला. पचमढी पाहिली, गोवा तीनदा पाहिला, केरळात हाऊसबोटीत राहिलो. कपाटावर एक बॅग कायम अर्धी भरलेली असायची. बायको शाळेत शिक्षिका आहे, तिला रजेचा अर्ज आठ दिवस आधी द्यावा लागतो, त्यामुळे ती वैतागायची. "कोनाचं लगन मोडलं, कोनाचा सासरा गेला, का आपली टूर निघाली," ती म्हणायची. "आयत्या बिळावर नागोबा नुसता." मी हसायचो. तिच्या बोलण्यात तथ्य होतं, पण सोडलेली जागा कुणीतरी भरणारच, मग ती मीच का भरू नये, असं मला खरोखर वाटायचं.

आई या सहलींना कधी आली नाही. तिला विचारलं की म्हणायची, "मले एकाच जागी जाचं हाय, अन् ते ठरलेलं हाय." ती जागा म्हणजे बोधगया. ठरलं होतं ते मॅडमशी. मॅडम म्हणजे आईची मैत्रीण. दोघी तरुणपणी सेलू तालुक्यातल्या एकाच खेड्यात नोकरीला होत्या, आई नर्स आणि मॅडम शाळेत शिक्षिका, एकाच घराच्या दोन खोल्यांत भाड्यानं. गाव एकीला सिस्टर म्हणायचं, दुसरीला मॅडम, आणि त्याही एकमेकींना तेच म्हणत राहिल्या. रिटायर झालो की गयेला जायचं, शेजारी शेजारी बसून, हे त्यांनी त्या खोल्यांच्या सामायिक ओसरीवर ठरवलं होतं. पुढे आम्ही सिंदी मेघेला घर बांधलं, मॅडमनी बोरगाव मेघेला. दर रविवारी आमच्या विहारात भेट व्हायची. आधी नोकरी, मग बाबांचं आजारपण, मग मॅडमच्या सुनेची बाळंतपणं, असं करत करत दोघी सत्तरीला टेकल्या.

मागच्या पावसाळ्यात विहाराच्या महिला मंडळानं ती यात्रा काढायचं नक्की केलं. वर्ध्याहून थेट बस, सोबत स्वयंपाकी, दहा दिवसांत गया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी आणि परत. निघायचं दिवाळीनंतर. टूरवाला नागपूरचा होता. आमचा, बोरगावचा आणि सेलूचा अशा तीन विहारांतून बस भरायची होती, म्हणून प्रत्येकीनं बुकिंग सरळ त्याच्याकडे फोनवर करायचं, नावांची यादी तो निघायच्या आधीच्या रविवारी पाठवणार, असं ठरलं. आईनं त्याच संध्याकाळी पाकिटात पैसे घालून माझ्या हातात दिले. "मॅडमच्या बाजूची सीट सांगजो," म्हणाली.

मी टूरवाल्याला फोन केला. भाव विचारला. आणि माझ्यातला बाजारकरू जागा झाला. गेल्या वर्षी याच माणसानं निघायच्या चार दिवस आधी "शेवटच्या जागा, खास सवलत" असं मोबाईलवर टाकलेलं मी पाहिलं होतं. मग आता पूर्ण भावानं कशाला घ्यायची? म्हातारी माणसं, दहा दिवसांचा प्रवास, कुणाची तरी शुगर वाढणार, कुणाचा तरी नातू आजारी पडणार. दोनचार जागा हमखास सुटतील. मी त्याला म्हटलं, कळवतो. आईला म्हटलं, झालं.

पैशांचा प्रश्न नव्हता. असता तर निदान सांगायला तोंड असतं. मला फक्त यात्रा निघाली की एक दिवस आईला हसत हसत सांगायचं होतं की बघ, त्याच बसमध्ये, त्याच सीटवर, सगळ्या बायांपेक्षा स्वस्तात. पाकीट मी कपाटात ठेवलं आणि वाट पाहत बसलो.

इकडे आईची तयारी सुरू झाली. दोन नवी पांढरी लुगडी, म्हणजे पातळंच, पण ती लुगडंच म्हणते, धोब्याकडून कडक इस्त्री करून आणली. छोटी बॅटरी आणली. औषधांच्या पुड्या करून प्रत्येकीवर दिवसाचं नाव लिहिलं, आपल्यापुरत्या नव्हे, सगळ्या बसला पुरतील अशा. "मॅडमले उलटीचा त्रास हाय, घाटात लय होते तिले," असं म्हणत लिमलेटच्या गोळ्यांचं पाकीट वर ठेवलं. मी हे सगळं बघत होतो आणि रोज टूरवाल्याचं स्टेटस बघत होतो. मला तेव्हा अपराधी वाटत नव्हतं, हे मी इथे लिहून ठेवतो. मला मजा वाटत होती.

दिवाळी संपली. सवलत काही दिसेना. बुधवारी मी फोन केला.

"साहेब, गाडी तं फुल झाली," तो म्हणाला.

"कुणी कॅन्सल केलं तर सांगा. एक लेडीज आहे."

तो हसला. "या गाडीत कॅन्सल नाई होत, साहेब. ही यात्रा हाय. एक बाई बिमार पडली तं तिची सून येऊन राह्यली. दुसरीचं ऑपरेशन निघालं तं हिंगणघाटहून तिची बहीण. तीन नावं बदलली, पन सीट एक बी सुटली नाई. तुमी पहलेच काऊन नाई सांगतलं?"

गोव्याची सीट सुटते तेव्हा ती बाजारात येते. ही सीट घरातच राहते, सासूकडून सुनेकडे, बहिणीकडून बहिणीकडे. मी याच लोकांत वाढलो, अशाच विहारांत लहानाचा मोठा झालो, आणि एवढी साधी गोष्ट मला मेथीच्या हिशोबात दिसली नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर बैल आईचा होता.

तेव्हाही वेळ होती. बुधवारी रात्री आईला खरं सांगितलं असतं तर तिनं स्वतः मॅडमना फोन केला असता, आणि त्या बायांनी काहीतरी मार्ग काढला असता. मी मूग गिळून बसलो. गुरुवारी फोन केला, शुक्रवारी केला, शनिवारी दोनदा केला. शनिवारी त्यानं उचललाच नाही.

रविवारी सकाळी मी आईला गाडीवर मागे बसवून विहारात घेऊन गेलो. आत सतरंजीवर तिन्ही विहारांच्या मिळून चाळीसएक बाया बसल्या होत्या. मी दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभा राहिलो. मॅडमनी चष्मा लावून यादी वाचायला घेतली, सीट नंबर आणि नाव. नाव वाचलं की ती बाई "हाव" म्हणायची आणि बाकीच्या हसायच्या. आई मॅडमच्या अगदी जवळ, मांडी घालून, पदर सावरून बसली होती. मॅडमचं स्वतःचं नाव आलं. त्यांच्या शेजारच्या सीटवर सेलूच्या कुणा बाईची नणंद निघाली. मॅडम क्षणभर थांबल्या, मग पुढे वाचत गेल्या. यादी संपली.

"सिस्टरचं नाव कुठी हाय?" मागून कुणीतरी विचारलं.

मॅडमनी कागद उलटा करून पाहिला. पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं. "सिस्टर, तुमच्या पोरानं बुकिंग केलं म्हणत होत्या ना तुमी?"

सगळ्या बाया आईकडे बघत होत्या. आईनं मान वळवून दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? मी खिशातून मोबाईल काढला आणि त्यात बघितलं. त्यात काही नव्हतं. पण आईला तेवढ्यावरून सगळं कळलं. ती मॅडमकडे वळली आणि अगदी सहज आवाजात म्हणाली, "मीच राहू दे म्हटलं त्याले. गुडघे लय दुखून राह्यले ना. तुमाले सांगाचंच राहून गेलं, पाहा."

आईचे गुडघे! उपकेंद्रापासून पाच पाच गावं पायी केलेली बाई ती. आजही उखळीपाशी उकिडवी बसून अर्धा तास ठेचा कुटते आणि हात न टेकता उठते. बाया एकदम हळहळल्या. कुणी तेल सुचवलं, कुणी डॉक्टर. मॅडम मात्र कागद हातात धरून तशाच बसल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "असं कसं? मी आताच फोन लावतो त्याले. ड्रायव्हरच्या केबिनमंधी तरी एक जागा काढन तो."

लावलाही त्यांनी फोन. आणि टूरवाला तयार झाला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. चार दिवस मला नाही म्हणणारा माणूस मॅडमना म्हणाला, येऊ द्या, केबिनमध्ये गादी टाकतो. मॅडमनी आनंदानं आईकडे पाहिलं.

आई हसली. "केबिनमंधी पाय दुमडून दहा दिवस? माह्या गुडघ्याइचं काय होईन? जा तुमी. माह्या वाट्याचं बी पाहून या."

दोन वाक्यांपूर्वी तिनं मला झाकलं होतं, आणि त्याच पांघरुणात ती स्वतः अडकली. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. "आई खोटं बोलतेय, चूक माझी आहे," एवढेच सहा शब्द. चाळीस बायांसमोर, माझ्या ओळखीच्या, माझ्या बायकोच्या शाळेत ज्यांची नातवंडं शिकतात त्या बायांसमोर, ते सहा शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आई, माझं चुकलं."

"चुकलं तं चुकलं," ती म्हणाली. "हात धू अन् जेवून घे." मी पाकीट तिच्यासमोर ठेवलं. तिनं ते न बघता फडताळात टाकलं. संध्याकाळी औषधांच्या पुड्या मात्र तिनं मॅडमकडे पोचवायला लावल्या, लिमलेटच्या गोळ्यांसकट.

बस निघाली त्या पहाटे ती निरोप द्यायला गेली. डबाभर शेव-चिवडा केला होता. बसपाशी जाताना मला पहिल्यांदा दिसलं की ती डावा पाय जरा ओढत चालते आहे. मी दचकलो, खरंच दुखतंय की काय. घरी आल्यावर फाटकातून आत शिरली आणि तिची चाल पूर्ववत झाली. बायकोनं ते पाहिलं. तिला मी आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

बाया दहा दिवसांनी आल्या. पिंपळाची पानं आणली, फोटो आणले, प्रत्येकीनं आईला वेगवेगळं सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं, मध्येमध्ये प्रश्नही विचारले. पुढच्या रविवारी विहारात कुणीतरी आपुलकीनं तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. "सिस्टर, खाली नोका बसू." आई खुर्चीवर बसली. इतकी वर्षं रविवारची वंदना तीच पुढे बसून सांगायची, बाकीच्या मागून म्हणायच्या. त्या दिवशी तिनं मंडळातल्या एकीच्या सुनेला पुढे केलं. घसा बसलाय म्हणाली. तेव्हापासून ती पुढे बसली नाही.

मला वाटलं, अजून भरून काढता येईल. आणि भरून काढायची मला एकच रीत येत होती. महिनाभरात मी गयेचं पॅकेज शोधून काढलं, विमान, देवळाजवळचं हॉटेल, चार दिवस, दोघांचं, निघायला दोन दिवस बाकी आणि भाव असा की ऑफिसात सांगितला असता तर समोसे आले असते. मी उड्या मारतच घरी गेलो. आई अंगणात बसून गहू निवडत होती, जमिनीवर, पाय दुमडून.

"आई, परवा गयेला जायचं. तू आणि मी."

तिनं सुपातले खडे बाजूला केले. "अन् आल्यावर मंडळात काय सांगू? गुडघे कसे चालले तेवढे?"

"कुणाला सांगायचंच नाही."

"एक लपवासाठी मी एक बोलली. आता आणखी किती बोलाचं?" ती रागावलेली नव्हती, आणि तेच मला सहन होईना. "अन् मले काय तिथली माती पाहाची होती का रे? मॅडमच्या बाजूनं बसाचं होतं मले."

ते पॅकेज मी सोडलं. कुणीतरी घेतलं असेल.

त्यानंतर मी ठरवलं की विहारात उभं राहून सगळं सांगून टाकायचं. पण आधी मॅडमना सांगावं, म्हणून एका दुपारी बोरगावला गेलो. त्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बाजारभावासकट. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, हातातली शेंगही खाली ठेवली नाही.

"मले तवाच माहीत झालं होतं," त्या म्हणाल्या. "तिच्या गुडघ्याले काई झालं असतं तं मले तुह्या आधी समजलं असतं. आमच्यातल्या अर्ध्या बायाइले मालूम हाय."

"मग खुर्ची कशाला देता तिला?"

"ती बसते म्हणून देतो. तिनं तुले झाकलं, आमी तिले झाकून राह्यलो."

मी म्हटलं, मी रविवारी सगळ्यांसमोर सांगतो. माझी चूक आहे, आईला कशाला शिक्षा?

मॅडमनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. शाळेत मी त्यांच्या वर्गात नव्हतो, पण त्या क्षणी असल्यासारखं वाटलं. "सांगशीन. तुह्यं मन हलकं होईन, लोकं म्हणतीन, पोरगं खरं बोललं. अन् ती? साऱ्या मंडळापुढं खोटी पडन ती. ते बी तुह्याच तोंडून. सस्त्यात सुटाची लय सवय हाय रे तुले."

मी त्या रविवारी काही सांगितलं नाही. त्यानंतरच्याही नाही. ऑफिसात आता कुणी मोबाईल पुढे केला तर मला येत नाही म्हणतो. ते समजतात, मी भाव खातोय. पण खोटं कशाला बोलू, रिकामा बसलो की अंगठा आपसूक त्या ॲपवर जातोच, आणि पडलेला भाव दिसला की अजूनही तीच मजा वाटते. बंद करतो मग.

गेल्या रविवारी आईला सोडायला गेलो तेव्हा दाराशी थांबलो नाही. आत जाऊन सतरंजीवर बसलो, तिच्या खुर्चीच्या पायाशी. कित्येक वर्षांनी बसलो असेन. समोर ती सून रविवारची वंदना सांगत होती, सगळ्या मागून म्हणत होत्या. आईचा आवाज मला डोक्यावरून स्पष्ट येत होता, घसा बसलेल्या बाईचा नव्हेच. पंचशील सुरू झालं. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि वरचा आवाज थांबला. मला वाटलं ठसका लागला. वर पाहिलं तर तिचे हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते आणि ओठही मिटलेले होते. पाचव्याला तिचा आवाज पुन्हा सुरू झाला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की चौथं मी केव्हाच म्हणून मोकळा झालो होतो, सगळ्यांबरोबर, चांगलं खणखणीत.